वर्षश्राद्धाची पुस्तिका: अण्णांचं आयुष्य कागदांतून जुळवताना

अण्णा गेले फेब्रुवारी २०२४ मध्ये, माघ महिन्यात. तेरावं झाल्यावर घरच्यांनी आणि गावाच्या मुंबई मंडळाने मिळून ठरवलं की वर्षश्राद्धाला त्यांच्यावर एक पुस्तिका काढायची. लालबाग-परळ भागात अशा पुस्तिका पुष्कळ निघतात. घरात आलेल्या जुन्या पुस्तिका एकापुढे एक ठेवल्या तर सगळ्यांत माणूस मनमिळाऊ, कष्टाळू, शिस्तीचा आणि परोपकारी. नाव झाकलं की एकाची दुसऱ्याला चालते. अण्णांनी या शहरात सत्तरहून अधिक वर्षं काढली, घर उभं केलं, गावच्या मंडळाचे हिशेब सांभाळले. त्यांच्या वाट्याला अशी उसनी विशेषणं येऊ नयेत असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटत होतं. म्हणून एकच नियम धरला: प्रत्येक वाक्यामागे एक कागद तरी हवा, नाहीतर एकमेकांशी न बोललेली दोन माणसं तरी हवीत. त्या नियमाने काम कसं झालं आणि कुठे अडलं ते सविस्तर लिहितो आहोत. हे काम बहुतेक घरांना कधी ना कधी करावं लागतं.

पहिलं काम पंचांग उघडायचं. वर्षश्राद्ध तिथीने येतं आणि चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे तीच तिथी पुढच्या वर्षी तारखेच्या साधारण अकरा दिवस आधी पडते. मध्ये अधिक मास आला तर उलट अठरा-एकोणीस दिवस उशिरा. छापखान्यात ‘फेब्रुवारीअखेर’ म्हणून सांगितलं आणि तिथी दोन आठवडे आधी आली, तर पुस्तिका रिकाम्या हॉलमध्ये वाटायची वेळ येते. तिथीपासून मागे मोजलं: छपाई-बांधणीला दहा दिवस, प्रुफांना तीन आठवडे, अक्षरजुळणी आणि मांडणीला महिना. म्हणजे मजकूर दिवाळीनंतरच्या महिन्याभरात बंद व्हायला हवा. मुंबईचा पावसाळा यात मोठी अडचण. दमट हवेत जुनी वही उघडली की पानं एकमेकांना चिकटतात, फोटोवरचा थर मऊ होऊन बोटाला लागतो. त्यामुळे पावसाळ्यात माणसांकडे जायचं आणि वह्या-फोटो नवरात्रानंतर काढायचे, असे दोन भाग पाडले. तसंही माणसं आधीच गाठावीत, आणि त्यातही सगळ्यांत म्हातारं माणूस सगळ्यांत आधी.

जन्मतारखेपासूनच गुंता सुरू झाला. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९३३. ही १ जून महाराष्ट्रातल्या हजारो दाखल्यांवर सापडते, कारण मुलाला शाळेत घालताना मास्तर वय अंदाजाने धरत आणि शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख टाकत. आधारकार्डावर नुसतं जन्मवर्ष, १९३३. मृत्यूच्या दाखल्यात आधारचंच वय उतरलं. घरात मात्र पक्कं ठाऊक होतं की अण्णा गोकुळाष्टमीचे. तिथी माहीत आणि वर्ष माहीत नाही, असं त्या पिढीत सर्रास असतं. अशा वेळी गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, बोलीत कोतवाल बुक, शोधावं लागतं. जुनी बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. गाव आणि वर्ष लिहून नकलेचा अर्ज करायचा. वर्ष नक्की नसेल तर मागची-पुढची दोन-दोन वर्षं अर्जातच मागून घ्यावीत, नाहीतर प्रत्येक वर्षासाठी नवा अर्ज होतो. नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव, ‘मुलगा’ की ‘मुलगी’, आणि तारीख, एवढंच. एकाच नावाचे दोन बाप गावात असले तर भावंडांच्या वयाचं अंतर बघून नोंद कुणाची ते ठरवायचं. आमची नोंद मोडीत होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत आणि शब्द सलग चालतात, त्यामुळे जाणकाराकडून वाचून घेणं भाग होतं, आणि वाचणाऱ्याला नोंदीतली सगळी संभाव्य नावं आधी लिहून द्यायची होती. नोंद निघाली १९३२ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली. शके १८५४ ची गोकुळाष्टमी त्याच आठवड्यात पडते. तिथी आणि तारीख एकमेकींना मिळाल्या की मग शंका उरत नाही.

म्हणजे गेले तेव्हा ९१ पुरी आणि ९२ वं चालू. कागदोपत्री मात्र ९०. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत ‘वय ९२’ छापलं होतं. पुस्तिकेत आम्ही तिथी, शोधलेलं वर्ष आणि सरकारी तारीख तिन्ही दिल्या. सरकारी कागदातली तारीख आता बदलायला जाऊ नये. पेन्शन, वारसा, खोलीची पावती सगळं त्याच तारखेवर उभं असतं.

मुंबईत कधी आले? याचं उत्तर घरात ‘रामदास बुडाली त्याच्या दोन वर्षांनी’. रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, म्हणजे १९४९. कोकणातून येणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असत, म्हणून त्या वर्षीचं पावसाच्या आधीचं किंवा नंतरचं येणं. शाळेच्या दाखल्यात सातवी, म्हणजे तेव्हाची व्हर्नाक्युलर फायनल, उत्तीर्ण होऊन शाळा सोडल्याची तारीख एप्रिलची. दोन्ही जोडून ‘१९४९, पावसाळ्यानंतर’ एवढंच छापलं. महिना ठोकून देण्याचा मोह होतो, तो आवरावा.

अशा सार्वजनिक खुणा फार कामाला येतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत त्या घट्ट बसलेल्या असतात. गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४. महाराष्ट्र झाला १ मे १९६०. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ची, त्यामुळे कुणी ‘अण्णांनी मला ट्रामने दादरला नेलं’ म्हणालं की ते त्याआधीचं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. दूरदर्शन मुंबईत सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली २६ जानेवारी १९९८ पासून. त्याआधीचा गणपतीचा प्रवास बहुतेक एसटीचा. अशा पंधरा-वीस तारखा एका कागदावर लिहून बोलणाऱ्याच्या हातात द्याव्यात. ‘कुठल्या साली?’ या प्रश्नाला माणूस गप्प होतो. ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’ म्हटलं की लगेच सांगतो.

पत्रांवरच्या पत्त्यांनाही तारीख असते. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी परळ म्हणजे नुसतं ‘मुंबई १२’, आणि तेच १२ पुढे ४०००१२ च्या शेवटी आलं. पत्रावर पिन असेल तर ते नक्की १९७२ नंतरचं. पिन नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण जुन्या पद्धतीने पत्ता लिहिणारे पुढेही कितीतरी वर्षं होते. हिशेबाच्या वहीत रुपये-आणे-पै असे तीन रकाने असतील तर पान १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, ‘न. पै.’, म्हणजे नवे पैसे, असेल तर १९५७ ते १९६४ मधलं.

कागदांत सगळ्यांत श्रीमंत ठरलं ते मनीऑर्डरचं बाड. कोकणातल्या चाकरमान्याचं कुटुंब गावी आणि माणूस मुंबईत, त्यामुळे त्याचा संसार मनीऑर्डरीवर चाले. हे कागद दोन जागी सापडतात आणि दोन्ही जागी शोधावे लागतात. फॉर्मचं कूपन पैसे घेणाऱ्याकडे राहायचं, म्हणजे गावच्या घरात. त्यावर चार ओळींचा निरोप असायचा. पैसे मिळाल्याची पोच, घेणाऱ्याच्या सहीची, पाठवणाऱ्याकडे परत यायची, म्हणजे मुंबईच्या खोलीत. गावच्या घरी कूपनं तारेत ओवून आढ्याला टांगलेली होती. तारेचा गंज कागदाला भोक पाडतो आणि भोकाभोवतीची अक्षरं जातात, म्हणून तार ओढून काढू नये. पकडीने दोन्हीकडून तोडावी आणि कूपन बाजूला सरकवून सोडवावं. धुराने काळी पडलेली कूपनं ओल्या फडक्याने पुसायची नाहीत. कोरड्या मऊ ब्रशने झटकायची, बस्स.

दोन्हीकडची बाडं तारखेने लावल्यावर जे दिसलं ते कुणीही तोंडाने सांगितलं नव्हतं. सुरुवातीच्या पोचींवर अण्णांच्या आईचा अंगठा. मग एका पावसाळ्यानंतर अंगठा थांबतो आणि घेणारीचं नाव बदलतं. आईच्या निधनाचं साल घरात दोघांनी दोन सांगितलं होतं, ते तिथे मिटलं. पुढच्या पोचींवर आजीचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, अंगठा, आणि साधारण दोन वर्षांनी अंगठ्याच्या जागी सही. आधी नुसतं नाव, वेलांटी उलटी, ओळ सोडून खाली घसरलेली. मग हळूहळू आडनावासकट सरळ. त्याच काळातल्या कूपनांवर अण्णांनी प्रत्येक वेळी शेवटची ओळ लिहिली आहे: ‘सही स्वतः करणे.’ आजींना लिहायला अण्णांनी शिकवलं हे घरात ऐकीव होतं. ते गावी नसताना कसं शिकवलं, ते इथे कळलं. पुस्तिकेत यावर आम्ही एक वाक्यही लिहिलं नाही. सहा पोची एकाखाली एक छापल्या, तारखांसकट.

अण्णांच्या कापडगिरणीतल्या नोकरीची बाजू सोपी गेली, आणि त्याचं कारण म्हाडा, म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करताना १९८२ सालच्या आसपास आपण कामावर होतो हे दाखवावं लागतं, म्हणून ज्या घरांनी अर्ज केला त्यांनी सगळे कागद एका फायलीत जपलेले असतात: तिकीट नंबर, हजेरीपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाच्या स्लिपा, ईएसआयचं कार्ड, रजेची वही. कुणाच्या घरी हे काम काढणार असाल तर आधी ती फाईल मागा. अण्णांचं खातं साचेखातं, म्हणजे मागांचं खातं, दोन साच्यांवर. आधी बदली कामगार, म्हणजे रोज पाळीच्या वेळी दारात उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असेल तर काम मिळायचं, नंतर कायम. बदलीचा काळ नोकरीच्या दाखल्यात धरलेला नसतो. तो फंडाच्या स्लिपांवरून किंवा बदली कार्डावरून भरून काढावा लागतो, नाहीतर आयुष्यातली तीन-चार वर्षं गायब होतात. अण्णा मोठ्याने बोलत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत, हे ज्याने त्याने सांगितलं. कुणी त्याला स्वभाव म्हटलं, कुणी करारी बाणा. साचेखात्यात शेकडो माग एकदम चालतात, तिथे बोलणं ऐकू येत नाही, ओठ वाचतात. सोबतच्या जुन्या कामगाराने ते समजावून सांगितलं आणि तेच छापलं.

आता मंडळाच्या वह्या. गावाची परळला खोली होती, मंडळाने भाड्याने घेतलेली. गाववाले तिथे पाळीपाळीने झोपत, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी, जेवण बाहेर खाणावळीत. अण्णा या मंडळाचे खजिनदार. असा माणूस घरच्या कागदांत अर्धाच सापडतो; बाकीचा अर्धा दुसऱ्यांच्या वह्यांत असतो. म्हणून इतिवृत्त, वर्गणीची वही आणि जमाखर्च, तिन्ही बघायला मंडळाकडे रीतसर अर्ज दिला आणि कार्यकारिणीत ठराव करून घेतला. ओळखीवर वह्या उचलून आणू नयेत. पुढे एखादं पान फाटलं किंवा हरवलं तर दोन्ही बाजू अडचणीत येतात.

जाड शिवलेली वही स्कॅनरवर उपडी ठेवली की पाठ तुटते. ती टेबलावर उघडी ठेवून, उंच बाजूखाली घडी केलेलं फडकं देऊन, खिडकीच्या उजेडात मोबाइलने वरून सरळ फोटो घ्यावा. फ्लॅश बंद. जुनी निळी शाई फ्लॅशमध्ये पांढरी पडते आणि शिसपेन्सिलीची नोंद तर दिसतच नाही. प्रत्येक फोटोत पानाच्या कडेला वही क्रमांक आणि पान क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. नंतर फोटोंच्या ढिगात कुठलं पान कुठल्या वहीचं ते ओळखणं अशक्य होतं. दोनदा वाचायचं. पहिल्यांदा फक्त अक्षर ओळखत जायचं: खजिनदार बदलला की हस्ताक्षर बदलतं, आणि कुणी किती वर्षं काम केलं हे ठरावापेक्षा हस्ताक्षरावरून जास्त खरं कळतं. ठरावात अण्णा १९५८ ला खजिनदार झाले. वहीत त्यांचं अक्षर आण्यांच्या रकान्यापासूनच सुरू होतं, म्हणजे १९५७ च्या एप्रिलच्या आधीपासून काम तेच करत होते.

संपाचं पान सगळ्यांना दाखवण्यासारखं आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मंडळाचे बहुतेक सभासद त्यातलेच. फेब्रुवारीच्या यादीत वर्गणीचा रकाना जवळजवळ रिकामा, आणि रिकाम्या नावांपुढे अण्णांच्या अक्षरात ‘संप’ एवढाच शब्द. खाली त्याच अक्षरात ‘वर’, ‘वर’, ‘वर’, म्हणजे वरचंच कारण. महिन्यामागून महिने तसेच. खोलीचं भाडं तरी दर महिन्याला भरलेलं आहे. ते कुठून आलं याचा शोध जमेच्या बाजूला लागतो: ‘हातउसने’ अशी रक्कम, देणाऱ्याचं नाव नाही. नंतरच्या वर्षांत ‘हातउसने परत’ म्हणून छोट्या छोट्या रकमा खर्ची पडतात, दहा, पंधरा, पंचवीस रुपये, आणि घेतल्याची सही अण्णांची. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. आजींच्या बांगड्या त्या वर्षी गहाण पडल्या हे मात्र सगळ्यांना माहीत होतं, आणि गहाणपावती घरच्या ट्रंकेतच होती. पावतीची तारीख आणि जमेची तारीख यांत चार दिवसांचं अंतर आहे. यावरून निष्कर्ष काढायचा का, यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी छापल्या आणि त्यांचा संबंध आहे असं कुठेही लिहिलं नाही, कारण तसं सांगणारा कागद किंवा माणूस नाही.

त्याच वह्यांत दुसऱ्यांच्या थकबाक्या, उसनवाऱ्या, भांडणं आणि आजारपणंही आहेत. ते छापायचं नाही हे आधीच ठरवून घ्यावं आणि तसं मंडळाला लिहून द्यावं. पानाचा फोटो छापताना इतरांची नावं झाकावीत. काळी पट्टी संगणकावर नुसती वर ठेवली तर पीडीएफमध्ये ती हलवता येते, म्हणून पट्टी मारलेलं चित्र सपाट करून मगच लावावं.

माणसांशी बोलण्याचं तंत्र वेगळं. ‘अण्णा कसे होते?’ विचारलं की ‘देवमाणूस’ हेच उत्तर येतं आणि मुलाखत तिथेच संपते. हाताला धरून नेणारे प्रश्न लागतात. पगाराच्या दिवशी ते आधी कुठे जात? गावाला निघताना पिशवीत काय काय असे? मयताला गेल्यावर कुठलं काम स्वतःकडे घेत? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच दिलं: दाखल्याचं. रात्री कुणी गेलं तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेणं, भोईवाड्याच्या स्मशानात वेळ सांगणं, गावी तार करणं, आणि सगळे रडत असताना मयताचं नाव, वडिलांचं नाव, वय बिनचूक लिहून देणं. नाव चुकलं की घरातल्यांना पुढे फंडासाठी वर्षभर खेपा पडतात, हे त्यांना ठाऊक होतं. खाणावळीतल्या एका बाईंनी त्यांचं रोजचं वाक्य सांगितलं, ‘आदी मोज, मगे सही कर.’ हे मालवणीतच ठेवलं. बोललेलं प्रमाण मराठीत फिरवलं की माणूस तिथून निघून जातो.

ध्वनिमुद्रण मोबाइलवरच केलं. छताचा पंखा बंद करायचा, निदान अगदी हळू. कानाला त्याची सवय असते, मुद्रणात मात्र तोच सगळ्यांत मोठा. मोबाइल विमान मोडवर, खाली रुमालाची घडी, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. चाळीत संध्याकाळी नळ, टीव्ही आणि पोरं, म्हणून दुपारची झोप झाल्यावरची चार-साडेचारची वेळ बरी. पाऊण तासाच्या पुढे ताणू नये. मध्ये चुकीचं साल आलं तरी टोकायचं नाही, नुसती खूण करून ठेवायची. टोकलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा जपून बोलू लागतो. दोन समवयस्कांना एकत्र बसवायचं ते दुसऱ्या खेपेला. पहिल्याच खेपेला बसवलं तर जो मोठ्याने बोलतो त्याचीच आठवण दोघांची होते आणि आपली दोन साक्षींची अट मोडते.

फोटोंबद्दल थोडक्यात. छोटे काळे-पांढरे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करावेत, पोस्टकार्डाएवढे ३०० ला चालतात. ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढला की कोपरा फाटतो. दातांचा बारीक दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा सरकवायचा. तरी नाही सुटला तर पानासकट स्कॅन करायचा. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोला हातच लावायचा नाही. काचेवरूनच, तिरप्या उजेडात, फोटो घ्यायचा. मागे नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीने आणि कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो. मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या समूहफोटोतले चेहरे ओळखायला ट्रेसिंग पेपर वर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढली, आत आकडे घातले आणि झेरॉक्स काढून वेगवेगळ्या घरी दिल्या. फोटोवर बोट ठेवून ‘हा कोण’ विचारत बसण्यापेक्षा हे फार बरं. दोन याद्या जुळल्या ते नाव पक्कं, बाकीच्यांपुढे जागा कोरी.

वंशावळ काढताना आमचा आग्रह होता की मुली गाळायच्या नाहीत. परंपरेच्या वंशावळीत मुलीची फांदी लग्नापाशी तुटते, आणि अण्णांची शेवटची आजारपणं काढली ती मुलींनी आणि नातींनी. प्रत्येक बाईचं माहेरचं आणि सासरचं दोन्ही नावं लिहिली. अण्णांच्या आजीचं माहेरचं नाव मिळायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. ते शेवटी मिळालं लग्नपत्रिकेत नव्हे, तर तिच्या भावाच्या वाटणीपत्रात.

छपाईत सगळ्यांत जास्त घोळ फॉन्टचा. आपण मजकूर युनिकोडमध्ये टाइप करतो आणि पुष्कळ डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करणारे, अजून जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. रूपांतरात ठरावीक अक्षरं मोडतात: ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला ऱ्य, रफार, ‘ॲ’, आणि अवतरणचिन्हं. म्हणून रूपांतरानंतरचं प्रूफ पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचावं, आधी तपासलेलं असलं तरी. प्रूफ तिघांनी वाचलं: एकाने फक्त नावं, एकाने फक्त तारखा आणि आकडे, तिसऱ्याने मूळ प्रत दुसऱ्याच्या हातात देऊन मोठ्याने. नावांच्या आधीचं सौ., श्रीमती, कै. हे शेवटच्या दिवशी पुन्हा बघायचं. वर्षभराच्या कामात कुणाचं तरी बदललेलं असतं, आणि ही चूक कुणी विसरत नाही.

पानं चारच्या पटीत हवीत, कारण एका घडीची चार पानं. मजकुराची ४८ पानं १०० जीएसएम मॅपलिथोवर, म्हणजे छपाईच्या साध्या पांढऱ्या कागदावर; जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. ८० जीएसएमवर फोटो मागून दिसतात. फोटोंची ८ पानं १३० जीएसएम आर्ट पेपरवर, बरोबर मध्यभागी, कव्हर ३०० जीएसएमचं, मॅट लॅमिनेशन. आकार डेमी, बांधणी सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेली. सेंटर पिनमध्ये आतली पानं बाहेर सरकतात आणि कापताना त्यांची कड जास्त जाते, म्हणून बाहेरचा समास १५ मिलिमीटरच्या खाली घेऊ नये. प्रती १५०. एवढ्यासाठी डिजिटल छपाई परवडते. पाचशेच्या पुढे ऑफसेटचा विचार करावा. प्रती माणसं मोजून काढू नयेत, घरं मोजून काढाव्यात, आणि वर पंचवीस: गावच्या शाळेला, मंडळाला, आणि ज्यांनी कागद दिले त्यांना. सगळी छपाई सुटण्याआधी एक पूर्ण बांधलेली प्रत मागून घ्यावी. पडद्यावर ठीक दिसणारे पोचींवरचे अंगठे आमच्या पहिल्या प्रतीत नुसते काळे डाग आले होते. काळेपणा कमी करून रेषा दिसू लागल्यावरच पुढची छपाई सोडली.

वाटप झाल्यावर महिन्याभरात फोन येतात: नाव चुकलं, साल चुकलं, आमच्या आजोबांचा उल्लेख राहिला. त्यासाठी शेवटच्या पानावर कळवायचा पत्ता दिला होता, आणि आलेल्या दुरुस्त्या पुन्हा त्याच नियमाने तपासून एका पानाचं शुद्धिपत्र काढलं. ते पुस्तिकेच्या पानाएवढंच कापलं म्हणजे आत नीट बसतं. मूळ कागद ज्याचे त्याला, दिलेल्या यादीवर सही घेऊन परत केले. स्कॅन आणि ध्वनिफिती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, एक मुंबईत आणि एक गावी. गावच्या डिस्कसोबत जाडसर पाकिटात मनीऑर्डरींच्या पोची ठेवल्या आहेत, आम्लविरहित कागदाच्या घड्यांत, दर वर्षी गणपतीला उघडून हवा देण्याच्या बोलीवर.